न पाहिलेल्या विमानाची प्रतिकृती

१९८६ साली अमेरिकेतील खेळण्यांच्या व छंदाच्या साहित्याच्या दुकानांत एक काळे, चपटे, गोलसर कडांचे विमान विक्रीस आले. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड गावच्या टेस्टर कंपनीचा तो प्लॅस्टिकचा संच होता. प्रमाण १:४८, किंमत दहा डॉलरांच्या आत, आणि खोक्यावर नाव ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’. अशा संचात जे जे असते ते सारे त्यात होते: चौकटीला जोडलेले सुटे भाग, वैमानिकाची खुर्ची, चाके, पाण्यात भिजवून अंगावर सरकवायची बारीक चिन्हे आणि जोडणीचा कागद. विमान मात्र नव्हते. त्या नावाचे आणि त्या आकाराचे विमान जगात कोठेही उडत नव्हते. ज्याचा तो अंदाज होता ते विमान निराळ्याच रूपात पाच वर्षांपासून नेवाडाच्या वाळवंटावर उडत होते आणि अमेरिकन सरकार त्याचे अस्तित्वच कबूल करीत नव्हते.

प्लॅस्टिकच्या खेळण्याला इतिहासाच्या निबंधात जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु भूतकाळातील एखाद्या क्षणी माणसांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते हे शोधणे इतिहासकाराच्या कामाचा मोठा भाग असतो, आणि त्याचा इतका चोख पुरावा सहसा हाती लागत नाही. कागदावरच्या लेखात लेखक संदिग्ध राहू शकतो. प्रतिकृती घडवणाऱ्याला ती सोय नसते. पंख येथे संपतो की तेथे, शेपटीचे पडदे आत झुकलेले की बाहेर, हे त्याला पोलादाच्या साच्यात कोरावेच लागते.

या छंदाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. ठरावीक प्रमाणात विमानांच्या प्रतिकृती करण्याची पद्धत इंग्लंडात १९३०च्या दशकात रूढ झाली. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी १९३२च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकूड व धातू यांचे संच काढले आणि त्यांसाठी १:७२ हे प्रमाण धरले. इंग्रजी मापांत हा हिशोब सोपा पडतो: खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. १९३६ साली ‘फ्रॉग’ कंपनीचे ‘पेंग्विन’ संच प्लॅस्टिकमध्ये आले, तेही याच प्रमाणात. मग युद्ध आले आणि खेळण्याचे शस्त्र झाले. १९४२च्या आरंभी अमेरिकन नौदलाने देशभरच्या शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती करून मागवल्या. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे तोफेवरच्या माणसाने नुसत्या आकृतीवरून ओळखावे म्हणून त्या काळ्या रंगवल्या जात. १:७२ प्रमाणाची प्रतिकृती पस्तीस फुटांवर धरली की ती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. पंखाचा कोन चुकला तर आपलेच विमान पाडले जाण्याचा धोका होता, हे त्या मुलांना बजावून सांगितले जाई. तपशील बिनचूक हवा हा या छंदातला आग्रह बव्हंशी त्या दिवसांपासूनचा आहे.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन स्वस्त झाले. वितळवलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड झाले की चौकटीसकट बाहेर काढायचे, अशा रीतीने एकाच साच्यातून हजारो संच निघू लागले. ब्रिटनमध्ये एअरफिक्स, अमेरिकेत रेव्हेल, मोनोग्राम, हॉक, टेस्टर अशी नावे घरोघरी झाली. हाच काळ जेट विमानांचा आणि शीतयुद्धाचा असल्याने आपल्या बाजूची विमाने छायाचित्रांवरून आणि पलीकडची अंदाजाने, असे संच दुकानांत शेजारी शेजारी मांडलेले असत. संच फार खरा झाला तरी आरडाओरड होई. १९६१ साली रेव्हेलने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अणुपाणबुडीचा आतले कप्पे दाखवणारा संच काढला, तेव्हा ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी संतापून तक्रार केली की, कोट्यवधी डॉलर मोलाची माहिती शत्रूला २ डॉलर ९८ सेंटांत घरपोच मिळते आहे. एफ-१९च्या वेळी जे झाले त्याची ही रंगीत तालीमच म्हणावी लागेल.

आता त्या एकोणिसाच्या आकड्याविषयी. अमेरिकन लढाऊ विमानांच्या मालिकेत एफ-१८ नंतर १९८२ साली नॉर्थ्रॉप कंपनीच्या विमानाला एफ-२० हा क्रमांक मिळाला. मग मधला १९ गेला कुठे? रडारला न दिसणाऱ्या विमानावर काम चालू आहे याच्या वार्ता तोपर्यंत नियतकालिकांत झळकत होत्याच. गाळलेला आकडा म्हणजेच दडवलेले विमान, असे समीकरण लोकांनी सहज मांडले. ते चुकीचे होते. खऱ्या विमानाला एफ-११७ हा क्रमांक दिलेला होता आणि तो कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

टेस्टर कंपनीचे रचनाकार जॉन अँड्र्यूज यांनी चोरून काही मिळवले नव्हते. विमानविषयक नियतकालिके, रडारच्या परावर्तनाची उघड पुस्तके आणि लॉकहीड कंपनीच्या आधीच्या एसआर-७१ या विमानाचे रूप, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तर्क बांधला. रडारची लहर काटकोनावर आदळली की जशीच्या तशी परतते. म्हणून काटकोन नकोत. यंत्राची फिरती पाती समोरून दिसता कामा नयेत. म्हणून हवा घेण्याची तोंडे पाठीवर दडवावीत. शेपटीचे उभे पडदे आत झुकवावेत. कडा गोलावून अंग एकसंध, समुद्रातल्या पाकट माशासारखे करावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आदराने पाहावे असे हे अनुमान आहे. प्रत्येक पायरीला कारण होते.

संच दुकानांत येतो न येतो तोच, ११ जुलै १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळच्या जंगलात एक विमान कोसळले आणि मेजर रॉस मलहेअर हे वैमानिक मृत्युमुखी पडले. हवाई दलाने सारा परिसर बंद केला व विमान कोणते होते हे सांगण्याचे नाकारले. त्याच उन्हाळ्यात प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे लॉकहीडमधील हजाराहून अधिक गोपनीय कागदपत्रांचा हिशोब लागत नसल्याबद्दल चौकशी चालू होती. तेथे टेस्टरचा संच जोडून आणण्यात आला आणि सदस्यांच्या हातांतून फिरला. लोकप्रतिनिधी म्हणून जी वस्तू पाहण्याची मला मुभा नाही ती दुकानात खोक्यात मिळते, अशा आशयाची तक्रार ऑरेगॉनचे रॉन वायडन यांनी केली. वर्तमानपत्रांनी हे उचलून धरले आणि संच लाखोंनी खपला. टॉम क्लॅन्सी यांच्या त्याच वर्षीच्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ या कादंबरीत एफ-१९ उडाले, १९८८ साली त्याचा संगणक-खेळ निघाला, आणि टेस्टरने तर ‘मिग-३७’ या नावाने रशियाच्या पदरीही एक कल्पित अदृश्य विमान बांधून दिले. लॉकहीडमधील ज्या मोजक्या माणसांना खरे रूप ठाऊक होते त्यांना बोलण्याची बंदी होती. हा संच चुकला आहे, एवढे म्हणणे हेही गुपित फोडणेच ठरले असते.

खरे विमान कसे होते? येथे कथेला एक गमतीचे वळण आहे, कारण त्याचाही जन्म एका प्रतिकृतीतूनच झाला होता.

मॉस्कोतील भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ साली वस्तूंच्या कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित प्रसिद्ध केले होते. रशियात त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७१ साली अमेरिकन हवाई दलाने त्याचे भाषांतर करून घेतले, आणि लॉकहीडच्या ‘स्कंक वर्क्स’ विभागातील गणिती डेनिस ओव्हरहोल्सर यांच्या ते वाचनात आले. त्यांनी त्यावरून संगणकाचा कार्यक्रम रचला. परंतु त्या वेळच्या संगणकाला वक्र पृष्ठभागाचा हिशोब झेपेना. तेव्हा विमानाचे अंग सपाट त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांचे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा करून बेरीज घ्यायची, असे ठरले. विमान पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे झाले ते या अडचणीपायी. हे उडणार नाही म्हणून विभागातल्याच जुन्या जाणत्यांनी त्या आराखड्याला ‘होपलेस डायमंड’ असे नाव ठेवले होते.

या आकाराची दहा फुटी लाकडी प्रतिकृती करून ती मोहावे वाळवंटातील चाचणी-मैदानावर खांबावर बसवण्यात आली. विभागप्रमुख बेन रिच यांनी १९९४च्या आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. रडारवरच्या माणसाला पडद्यावर काहीच दिसेना. प्रतिकृती खाली पडली असावी, जरा पाहा, असे तो म्हणाला. रिच यांनी वळून पाहिले तर ती जागेवरच होती, आणि तेवढ्यात एक पक्षी तिच्यावर येऊन बसला. पडद्यावर ठिपका उमटला तो त्या पक्ष्याचा. पुढे १ डिसेंबर १९७७ रोजी ‘हॅव ब्लू’ हे छोटे चाचणी-विमान उडाले आणि १८ जून १९८१ रोजी पहिले एफ-११७.

अँड्र्यूज यांचा संच आणि एफ-११७ शेजारी ठेवले तर प्रथम फरकच डोळ्यांत भरतो. एक नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत, दुसरे कागदाची घडी घालून केल्यासारखे. तरीही यंत्रे अंगात दडवलेली, वायू सोडण्याची तोंडे चपटी, काटकोन टाळलेले, शस्त्रे पोटात बंद, हे तर्क खरे उतरले. शेपटीचे पडदे एफ-११७वर बाहेर झुकलेले आहेत. पण ‘हॅव ब्लू’वर ते आतच झुकलेले होते, म्हणजे अँड्र्यूज यांचा अंदाज एक पिढी मागे का होईना बरोबर होता. आणि गोलाईची कल्पनाही वेडगळ नव्हती. नॉर्थ्रॉपचे ‘टॅसिट ब्लू’ नावाचे वक्र अंगाचे अदृश्य विमान फेब्रुवारी १९८२ मध्येच गुप्तपणे उडाले होते. जगाला ते कळले १९९६ साली. माझ्या मते संच चुकला तो माहितीच्या अभावापेक्षा वेगळ्या कारणाने. अँड्र्यूज यांनी चांगल्या कारागिराप्रमाणे सर्वोत्तम आकार कोणता याचा विचार केला. लॉकहीडने सर्वोत्तम आकार निवडलाच नव्हता. आपल्या संगणकाला मोजता येईल तो निवडला होता. प्रतिपक्ष शहाणपणाने वागला असेल असे धरून चालणाऱ्या प्रत्येक इतिहासकाराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळदा माणसे शहाणपणाने नव्हे, तर हाताशी असलेल्या साधनाने वागतात.

आपल्या वाचकांना यातले काही अगदी परके वाटू नये. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथल्या मराठी घरांच्या अंगणांत पिढ्यान्पिढ्या दिवाळीचे किल्ले होत आले. विटा, गोणपाट आणि माती यांचे रायगड व सिंहगड रचणाऱ्या मुलांपैकी कितीजणांनी तो गड डोळ्यांनी पाहिलेला असे? आजोबांचे वर्णन, पाठ्यपुस्तकातले चित्र आणि आधीच्या वर्षीचा किल्ला एवढ्यावर बुरूज उभे राहत. त्यातून मूळ गड कसा होता हे कळणार नाही. पण गडापासून शेकडो कोस दूर राहिलेल्या घरात गडाची कोणती आठवण टिकली, हे कळते. एफ-१९चा संच याच जातीचा पुरावा आहे. असो.

१० नोव्हेंबर १९८८ रोजी संरक्षण खात्याने अखेर एफ-११७चे अस्तित्व मान्य केले व एकच, जाणूनबुजून धूसर असे छायाचित्र प्रसिद्ध केले. ते पुढच्या बाजूने तिरकस कोनातून घेतलेले होते. त्यावरून चित्रकारांनी व संच करणाऱ्यांनी घाईघाईने आकृत्या काढल्या, त्याही चुकल्या. तिरक्या कोनामुळे लांबी आखूड भासली आणि पंख मागे किती वळले आहेत याचा अंदाज आला नाही. विमान लोकांसमोर उभे राहिले ते २१ एप्रिल १९९० रोजी, नेवाडातील नेलिस तळावर. तेव्हा कळले की पंख तब्बल साडेसदुसष्ट अंशांनी मागे गेलेले आहेत, लांबी सुमारे २०.१ मीटर आणि पंखांची रुंदी १३.२ मीटर आहे. १:४८ प्रमाणात हे सुमारे ४२ सेंटिमीटर आणि साडेसत्तावीस सेंटिमीटर होते. एखाद्या साध्या टेबलाचा बराचसा भाग व्यापणारी ही वस्तू आहे.

छायाचित्रे आणि मापे मिळाल्यावर हे विमान जोडणे सोपे झाले असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड आहे. एरवीच्या जेट विमानांत दोन अर्धुके चिकटवली की सांध्यावर लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर फिरवायचा, अंग गुळगुळीत झाले की काम झाले. एफ-११७वर तीच सवय घात करते. पेपर थोडा जास्त फिरला की पैलूची धार बोथट होते आणि विमान पुन्हा एफ-१९च्या वळणावर जाते. म्हणून जाणते लोक पेपर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला चिकटवून एकेक पैलू वेगळा घासतात. दुसरी गोष्ट पत्र्यांच्या सांध्यांची. हल्लीच्या संचांत या रेषा कोरलेल्या असतात आणि त्यांत पातळ काळसर रंग सोडून त्या उठावदार करण्याची रीत आहे. परंतु खऱ्या एफ-११७वर दुरुस्तीनंतर प्रत्येक फट रडारशोषक द्रव्याने बुजवून घेतल्यावरच विमान उडे. झाकणांच्या कडाही करवतीच्या दात्यांसारख्या कापलेल्या, त्या याच कारणासाठी. तेव्हा रेषा उठावदार करणे हा येथे सजावटीच्या नावाखाली केलेला इतिहासाचा विपर्यास ठरतो. रेषा बुजवणे हाच तपशील.

हा तपशील किती बारीक होता हे रिच यांच्याच एका गोष्टीवरून कळते. ‘हॅव ब्लू’च्या चाचण्यांत एके दिवशी विमान रडारवर ठळक दिसू लागले. शोध घेता तीन स्क्रूंची डोकी पुरती आवळलेली नव्हती, ती पृष्ठभागाच्या वर इंचाच्या अष्टमांशाहूनही कमी आली होती, एवढेच कारण निघाले. इंचाचा अष्टमांश म्हणजे सव्वातीन मिलिमीटरांच्या आत. १:४८ प्रमाणात तो सहासष्ट सहस्रांश मिलिमीटर होतो, म्हणजे माणसाच्या केसाची जाडी. प्लॅस्टिकवर रंगाचा हात जरा जाड बसला तरी तेवढा थर चढतो. ज्या दोषामुळे खरे विमान उघडे पडले तो दोष प्रतिकृतीवर दाखवताही येत नाही आणि टाळताही येत नाही.

रंगाचेही असेच. विमान काळे, म्हणून डबीतला काळा रंग लावला तर ते खेळणे दिसते. दूरची मोठी वस्तू हवेच्या थरातून फिकट दिसते, म्हणून लहान प्रतिकृतीला कोळशाच्या राखेसारखी गडद करडी छटा द्यावी लागते. वैमानिकाच्या काचांवर सोनेरी झाक, हवेच्या तोंडांवर बारीक जाळी, नाकावर चार टोकदार नळ्या. या नळ्या जोडणी पुरी होण्याआधी बसवल्या तर मोडल्याच म्हणून समजा.

आणि शेवटी चिन्हे. सारी मिळून ६४ विमाने बांधली गेली, त्यांतले नेमके कोणते आणि कोणत्या दिवशीचे, हे येथे ठरवावे लागते. नुसते ‘एफ-११७’ असे विमान नसते. क्रमांक, तुकडी आणि काचेच्या चौकटीवरचे वैमानिकाचे नाव असलेले एक विमान असते. यांतल्या ८०६ क्रमांकाच्या विमानाला मागणी अधिक, कारण युद्धात शत्रूने पाडलेले ते एकमेव. २७ मार्च १९९९च्या रात्री बेलग्रेडच्या पश्चिमेस बुजानोव्त्सी गावाजवळ सर्बियन तुकडीने जुन्या सोव्हिएत बनावटीच्या एस-१२५ क्षेपणास्त्राने ते पाडले. वैमानिक डेल झेल्को छत्रीने उतरले आणि काही तासांत त्यांची सुटका झाली. विमानाचे अवशेष बेलग्रेडच्या विमान-संग्रहालयात गेले, आणि तेरा वर्षांपूर्वी बेकर्सफील्डच्या जंगलात कडेकोट पहाऱ्यात झाकलेली ती कातडी कोणालाही जवळून पाहता येऊ लागली.

काचेची चौकटही त्या अवशेषांत आहे. तिच्यावरचे नाव मात्र झेल्को यांचे नाही. ते कॅप्टन केन ड्वेल यांचे आहे. अमेरिकन हवाई दलात विमानावर एका वैमानिकाचे नाव लिहिलेले असते आणि त्या रात्री ते उडवणारा दुसराच असू शकतो. चौकटीवर वाचून सर्बियन बाजूने सुरुवातीला ड्वेल हेच वैमानिक असल्याचे जाहीर केले होते. ८०६ जोडणाऱ्याने म्हणून झेल्को यांचे नाव लिहू नये. त्या रात्री विमानावर ते नव्हते.